नातीच्या चार दाढांवरचा लेप

माझ्या नातीच्या पाण्याच्या बाटलीवर बुडाशी एक गोल शिक्का आहे. यात बीपीए नाही, असं त्यावर इंग्रजीत लिहिलंय. माझ्या सुनेनं नगरला दुकानं पालथी घालून ती बाटली आणली. प्लास्टिकमधलं ते बीपीए नावाचं रसायन अंगातल्या हार्मोनचं सोंग घेतं म्हणे, आणि वाढत्या पोरीच्या पोटात ते जाऊ नये असं तिला वाटत होतं. तर बाटलीवर शिक्का आहे. पोरीच्या चार दाढांवर जे चोपडलं, त्याच्यावर मात्र काहीएक लिहिलेलं नाही. ते चोपडलं तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. नुसती उभी नव्हते, मोठ्या रुबाबात उभी होते. या एका गोष्टीवरून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं.

आमचं गाव घोडेगावच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. गावात चौथीपर्यंतची शाळा. शाळेच्या समितीवर पालक म्हणून खरं तर सुनेनं जायचं, पण तिचं शिलाई मशीन दिवसभर चालू असतं आणि मला मिरवायची हौस, त्यामुळं मीच जाते. समितीत मी सगळ्यात म्हातारी. त्यामुळं मी बोलले की बाकीचे मान डोलावतात, आणि मी बोलायची थांबत नाही.

नगरहून दातांच्या डॉक्टरांची गाडी येणार, तिसरी-चौथीच्या मुलांच्या दाढा तपासणार आणि नव्या दाढांच्या खाचा लेप लावून बुजवणार, म्हणजे पुढं कीड लागणार नाही, असं मुख्याध्यापिका बाईंनी समितीत सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं. आमच्याकडं बैलाचे दात बघायची विद्या घरोघर आहे. लहानपणी वडिलांबरोबर मी घोडेगावच्या बाजाराला जायची. ते बैलाचा ओठ उचलून एका नजरेत सांगायचे, दोन दाती, चार दाती, का सगळे दात येऊन जुळलेला. त्याच माणसाच्या स्वतःच्या तोंडात पुढचे तीन दात उरले होते आणि तेही हलत होते. पोरांच्या तोंडात मात्र कोणी डोकावल्याचं मला आठवत नाही. तेव्हा डॉक्टर येतायत हे चांगलंच होतं, आणि ते चांगलं होतं हे मी आजही म्हणते. माझा राग दुसरीकडं आहे.

पालकांच्या संमतीचा कागद घरी आला. त्यावर एक ओळ, ‘दंत तपासणी व आवश्यक उपचारास माझी हरकत नाही.’ खाली सहीची रेघ. सून ब्लाऊजची बाही जोडत होती. तिला दाखवायला दहा पावलं टाकावी लागली असती. मी ती टाकली नाहीत. मी माझी वळणदार सही ठोकली आणि पोरीच्या दप्तरात कागद सारला. मला सही करायला फार आवडतं. लग्नाआधी सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढाच उपयोग मी आजवर केलाय.

आता थुंकण्याचं सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे. गंमत म्हणजे माझ्या मूर्खपणाची.

मी मिश्री लावायची. तीस-बत्तीस वर्षं लावली. तव्यावर तंबाखू काळीकुळकुळीत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळी, दुपारी, जेवण झालं की, भांडण झालं की, बोटानं हिरड्यांना लावून ओट्यावर बसायचं. पहिल्यांदा सासूबाईंनी दिली. नवी नवरी होते, नको म्हणायची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर आठ दिवसांनी नको म्हणावंसं वाटतही नव्हतं. दोन्ही बाळंतपणांत लावली. उलट्या होतात म्हणून जास्तच लावली. शेजारणी म्हणायच्या, तोंडाला चव येते. तोंडाला चव येत होती आणि पोटातल्या लेकराला काय येत होतं हे विचारायची अक्कल मला बयेला नव्हती. थोरला जन्मला तेव्हा एवढासा होता, सुपात ठेवला तर सूप मोठं दिसायचं. मी सगळ्यांना सांगत सुटले की दृष्ट लागली. दृष्ट लागली! डबी पदराला बांधून फिरत होते आणि दृष्ट शेजारणीची काढत होते.

मिश्री सुटली ती नातीमुळं. चार वर्षांची असताना तिनं माझ्या मांडीवरून नाक धरून उडी मारली आणि म्हणाली, आजी, तुझ्या तोंडात काहीतरी मेलंय. सोडायला मला पाऊण वर्ष लागलं. आणि मग माझं जे व्हायचं तेच झालं. तीस वर्षं ज्या बाईनं गावातली एक भिंत सोडली नाही, ती थुंकणाऱ्याच्या अंगावर धावून जायला लागली. एसटी स्टँडवर अनोळखी माणसांना मी हटकलंय. शाळेच्या भिंती रंगवल्या तेव्हा ‘थुंकू नये’ हे वाक्य मीच हट्टानं लिहून घेतलं, आणि अक्षर लहान झालं म्हणून पुन्हा लिहून घेतलं.

शिबिराच्या सोमवारी मी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिले. चौथीच्या वर्गात घडीची खुर्ची मांडली होती. एक डॉक्टर, एक मदतनीस, आणि बाहेर पोरांची रांग. डॉक्टर चपळ होता, त्याचे हात भराभर चालत. दाढेला जेल लावायचा, पिचकारीनं पाणी मारायचा, नळीनं ते ओढून घ्यायचा, वाळवायचा, मग सुईसारख्या टोकातून पांढुरका लेप सोडायचा आणि निळा उजेड दाखवायचा. उजेड पडला की लेप कडक. ऊठ, पुढचा. खुर्चीशेजारी एक बादली होती. उठलेलं पोर बादलीत थुंकायचं, आणि पोरंच ती, एकानं लांबून नेम धरून थुंकलं. थोडं बादलीत, बाकी भिंतीवर. माझ्या भिंतीवर.

मी बादली उचलली आणि मैदान ओलांडून हापशापाशी नेऊन ठेवली. परत येऊन रांगेला सांगितलं, वर्गात थुंकायचं नाही, थुंकायचंच असेल तर हापशावर जा, नाहीतर गिळा. हापसा उन्हात, रांग सावलीत. सगळ्यांनी गिळलं. डॉक्टरनं ऐकलं, मदतनिसानं ऐकलं. दोघांतला एकही म्हणाला नाही की आजी, बादली राहू द्या. त्यांना काय, रांग उलट लवकर पुढं सरकत होती. माझ्या नातीची पाळी आली तेव्हा मी पुढं होऊन तिच्या तोंडात डोकावले, वडील बैलाच्या तोंडात डोकावायचे तशी, आणि चार दाढा झाल्यावर तिला म्हणाले, “गीळ बाई. शहाणी हायेस ना?” ती शहाणी आहे. तिनं गिळलं.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं की तोंड कडू झालंय. सुनेनं मशीन थांबवलं. कडू कशानं? तर दाढेवर लावलं त्यानं. थुंकली नाहीस? तर आजी म्हणाली गीळ. सुनेनं दप्तरातलं कार्ड काढलं. त्यावर नाव, वय आणि ‘सीलंट, चार’ एवढंच. ती दारात फोन घेऊन बसली आणि बराच वेळ वाचत राहिली. मी भाकरी थापत होते. उठून चुलीपाशी आली तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं माहेरी कोणी गेलं.

आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. ती म्हणाली, “आत्या, तो लेप ज्यापासून बनवतात तेच साध्या बाटल्यांत असतं. तेच, जे तिच्या पोटात जाऊ नये म्हणून मी दुकानं फिरले.”

मी म्हणाले, डॉक्टर काय विष देतो का.

ती म्हणाली, विष म्हणत नाही मी. लेप लावल्या लावल्या वर एक कच्चा थर राहतो, त्यातून ते तोंडात उतरतं. पहिल्या काही तासांतच जास्त. म्हणून पुसायचं असतं आणि चुळा भरून थुंकायचं असतं. एवढंच करायचं असतं. आणि ते सोडून बाकी सगळं केलं तुम्ही.

मग ती बोललीच नाही. दोन दिवस बोलली नाही. आदळआपट करणारी सून मला चालली असती, मी सव्वापट केली असती. ही नुसती गप्प. पोरीला जवळ ओढून तिच्या काखेत, छातीवर हात फिरवून बघायची आणि काही नाही म्हणून सोडून द्यायची. तिची भीती मला कळत होती. ती स्वतः चौथीत असताना न्हाण आलं होतं तिला. वर्गात. तिच्याच आईनं तिला पोत्यावर कोपऱ्यात बसवली आणि शाळा आठ दिवस बुडवली. हे तिनं मला एकदाच सांगितलेलं, पहिल्या वर्षी, आणि मी ऐकून घेऊन डाळ निवडत राहिले होते. आता गल्लीतल्या दोन पोरींना नवव्या वर्षीच आलंय. कोणी म्हणतं ब्रॉयलर कोंबडी, कोणी म्हणतं दूध, कोणी फवारणी. नक्की कोणालाच माहीत नाही. जिथं माहीत नाही तिथं आई काय करते? जे जे दिसेल ते ते लेकराच्या वाटेतून उचलत सुटते. आणि मी तिच्या मागून येऊन एकेक परत ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की नगरच्या एका दवाखान्यात शुक्रवारची वेळ घेतलीय. चारही दाढांवरचा लेप घासून काढायचा. आठ वर्षांच्या पोरीच्या कोवळ्या, न किडलेल्या दाढांवर मशीन फिरणार, माझ्यामुळं. मला आधी रागच आला, सुनेचा. मग वाटलं, शुक्रवारच्या आत निदान कळू तरी द्या की त्यात होतं काय. कार्डाच्या मागच्या बाजूला शिबिरवाल्यांचा फोन नंबर छापलेला होता.

पहिल्यांदा केला तेव्हा एका माणसानं उचलला. मी विचारलं, तो लेप कशाचा असतो. तो म्हणाला, आजी, मेडिकल ग्रेड मटेरियल असतं, काळजी करू नका. मी म्हणाले, मटेरियल म्हणजे काय. तो म्हणाला, सर्टिफाइड असतं. मी म्हणाले, त्यात बीपीए आहे का. तो हसला. हसला आणि म्हणाला, आजी, तुमच्या काळी राखुंडीनं दात घासायचे, तेव्हा विचारलं होतं का राखेत काय आहे? आणि फोन ठेवला.

नाही विचारलं होतं. तेच तर. तीस वर्षं तोंडात काळं घातलं आणि एकदा विचारलं नाही, म्हणून आता विचारतेय, मेल्या.

दुपारी पुन्हा केला. या वेळी आवाज जाड केला आणि म्हणाले, “तालुक्याच्या ऑफिसमधून बोलतेय. सोमवारच्या शिबिरात वापरलेल्या मटेरियलचं नाव आणि त्यातले घटक पाहिजेत.” खोटं बोलायला मला लहानपणापासून जमतं. तोच माणूस, पण आता मॅडम मॅडम करू लागला. मॅडम, एक मिनिट. मॅडम, बघतो. कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, मॅडम, बॉक्स संपलेत, नावाचं बघून सांगावं लागेल, पण घटक आमच्याकडं नसतात, ते कंपनीकडं असतात. आणि मॅडम, पालकांपैकी कोणी तक्रार केलीय का? एक म्हातारी सकाळपासून त्रास देतेय.

मी म्हणाले, ती म्हातारी मीच. या वेळी फोन मी ठेवला.

आधी हसूच आलं. घटक त्यांच्याकडं नसतात. एवढ्या पोरांच्या तोंडात घातलं आणि काय घातलं ते त्यांच्याकडं नसतं. आमच्या गोठ्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या आहेत. प्रत्येक बाटलीवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे जालीम, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख नसलेला गडीही तो त्रिकोण बघून तोंडाला फडकं बांधायचं का नाही ते ठरवतो. कपाशीवरच्या अळीसाठी एवढी व्यवस्था आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लेकराच्या दाढेवर वर्षानुवर्षं बसणार असलेली गोष्ट मात्र ‘सीलंट, चार’. हा लाल का हिरवा? कदाचित हिरवाच असेल. हिरवा असेल तर हिरवा छापा, मी कुठं नको म्हणते. पण हसू नका. आम्ही विचारलं की तुम्ही हसता, आणि तुम्ही हसलात की आम्ही पुढं विचारत नाही. मी कितीतरी वर्षं अशीच गप्प बसवली गेलेय, डॉक्टरकडं, बँकेत, तहसीलला. आणि घरी येऊन मी ती रीत सुनेवर चालवली.

तेही लिहिते, म्हणजे हिशेबात माझीच बाजू धरली असं कोणी म्हणायला नको. माझी सून बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. लग्नानंतर वर्षाच्या आत श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात प्रयोगशाळेची जागा तिला मिळत होती. रस तपासायचा, साखर तपासायची, पांढरा कोट घालायचा. तिनं विचारलं, जाऊ का. त्या वेळची मी, काय तोरा होता, पदर खोचून म्हणाले, घरच्या उसाची गोडी तपास आधी. सगळे हसले. मलाही फार मोठा विनोद झाल्यासारखं वाटलं, आठवडाभर जो येईल त्याला सांगत होते. तिनं पुन्हा विचारलं नाही. मशीन घेऊन दिलं तिला. म्हणजे घरात एकुलती एक बाई, जिला त्या रसायनाचं नाव कळलं असतं, तिला मी बाह्या जोडायला बसवलं होतं, आणि संमतीचा कागद तिच्यापासून दहा पावलांवर मी सही करून परत पाठवला.

शुक्रवारी आम्ही तिघी एसटीनं निघालो. घोडेगावचा बाजार होता, गाडीत उभं राहायला जागा नाही. पोर खिडकीला नाक लावून टेम्पोतल्या म्हशी मोजत होती. तिला फक्त एवढं सांगितलं होतं की डॉक्टर दाढा बघणार. सून माझ्याकडं बघत नव्हती. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. माझ्याकडून हे फार क्वचित होतं.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. पोरीला खुर्चीत बसवून तिनं दाढा बघितल्या, टोकदार हत्यारानं हलकेच टोकरल्या, म्हणाली छान बसलेत चारही. सून म्हणाली, “काढून टाका. चारही.”

डॉक्टरीणबाईनं हत्यार खाली ठेवलं आणि का ते विचारलं. सुनेनं सांगितलं. एका दमात, सगळं, न अडखळता. मी हसण्याची वाट बघत होते, ती हसली की मी बोलायला सुरुवात करणार होते, तयारी होती माझी. ती हसली नाही. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि सुनेसमोर बसली.

म्हणाली, तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. बीपीए म्हणून कोणी लेपात घालत नाही. त्यापासून बनवलेली राळ घालतात, आणि तिच्यात थोडंसं मागं राहिलेलं असू शकतं, किंवा तोंडात गेल्यावर सुटतं. त्यामुळं आम्ही बीपीए घालत नाही असं म्हणणारा खोटं बोलत नाही, आणि पूर्ण खरंही बोलत नाही. आता घासून काढायचं म्हणजे मशीन लावावं लागेल. त्याची पूड उडेल, ती परत तोंडात जाईल, आणि लेपाबरोबर दाढेचा चांगला थर जाईल. जे निघायचं ते बहुतेक पहिल्या दिवसातच निघून गेलं.

“किती गेलं?” सुनेनं विचारलं.

“फार थोडं असतं, असं आम्हाला शिकवलं. पण तुमच्या मुलीच्या पोटात किती गेलं, ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. दाढ किडली तर काय होतं ते मात्र मी रोज बघते, आणि ते याहून वाईट आहे.”

मी म्हणाले, मग पुसलं का नाही त्यांनी? ती म्हणाली, पुसायला हवं होतं. कापसाच्या बोळ्यानं वरचा थर पुसायचा, मग चुळा भरायला लावायच्या, सगळं थुंकायला लावायचं. फार वेळ लागत नाही. मी म्हणाले, थुंकायचं मीच बंद केलं, बाई. बादली मी उचलली. तिनं हातमोजे काढले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, डॉक्टर तिथंच होते ना? मी म्हणाले, होते. ती म्हणाली, मग ते त्यांचं काम होतं, आजी.

हे वाक्य ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट राग दुप्पट झाला. म्हणजे त्याला माहीत होतं. मी अडाणीपणानं बादली नेली, त्यानं शहाणपणानं नेऊ दिली.

सुनेनं विचारलं की तुमच्याकडचा लेप दाखवाल का. डॉक्टरीणबाईनं कपाटातून खोका काढला. आत घडीवर घडी घातलेला कागद, मुंगीएवढी अक्षरं. सून तो खिडकीपाशी घेऊन गेली आणि बोट ठेवून वाचू लागली. एक नाव वाचताना ती थांबली, मागं आली, पुन्हा वाचलं. “ही ती राळ,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाईनं मान हलवली. मग दोघींची जी भाषा सुरू झाली ती मला कळली नाही. एवढं कळलं, की काचेच्या पुडीपासून केलेला दुसराही एक लेप असतो, त्यात ही राळ नसते, पण तो लवकर निघून जातो. कोणी विचारलं तर ती दोन्ही सांगते. पण कोणी विचारत नाही, असं ती म्हणाली. बारा वर्षांत मी माझ्या सुनेला इतकी भराभर बोलताना ऐकलं नव्हतं. पाठीचा कणा ताठ करून उभी होती ती. मशीनवर वाकून बसलेली पाठ ही अशी दिसू शकते, हे मला आता कळतंय, म्हातारपणी.

खुर्चीतली पोर इतका वेळ आ करून ऐकत होती. तोंड मिटायला कोणी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, “आई, मग माझ्या दाढा घासणार का?”

सुनेनं हातातला कागद घडी करून खोक्यात सारला. मला वाटलं ही आता हो म्हणते. भीती हातानं काढून टाकता येते असं वाटलं की माणूस काहीही घासायला तयार होतो.

“नाही,” ती म्हणाली. “राहू देत. ऊठ.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती माझ्याशी बोलली. दवाखान्याची वेळ सांगितल्यानंतरचं पहिलं वाक्य. “आत्या, पुढच्या वेळी सही मी करणार.” मी म्हणाले, बरं. मला अजून खूप काही बोलायचं होतं, पण ती रस्ता ओलांडायला लागली होती.

येत्या सोमवारी तीच गाडी पुन्हा येणार होती, या वेळी दुसरीच्या वर्गासाठी. ज्यांच्या दाढा आल्यात त्या सगळ्यांना लेप. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा समिती बोलावली. म्हणजे मी बोलावली, आरडाओरडा करून. वर्ग मोकळा नव्हता म्हणून दुसरीच्याच वर्गात मागच्या बाकांवर बसलो आम्ही, आणि पुढं पोरं पाढे लिहीत होती. मी उठले आणि झालेलं सांगितलं. मुख्याध्यापिका बाई सरळ मनाच्या आहेत, त्या म्हणाल्या, पण आजी, बादली बाहेर न्यायचं तर तुम्हीच सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांत दोघी अशा होत्या ज्यांना मी एसटी स्टँडवर थुंकताना पकडलं होतं.

“व्हय,” मी म्हणाले. “मी चुकले. तीस वर्षं थुंकले तवा बी चुकले आन थुंकू दिलं न्हाई तवा बी चुकले. आता लिहून घ्या.”

एकजण हसला. बाकीच्यांना हसावं का नाही ते कळेना. मग सून उठली. तिला मी बरोबर नेलं होतं, खरं तर ती माझ्या आधीच निघाली होती. तिनं सांगितलं, लेप लावायला आमची हरकत नाही. पण लावल्यावर पुसायचा. बादली खुर्चीजवळ पाहिजे, पाणी पाहिजे, प्रत्येक पोर चुळा भरून थुंकेल आणि मगच उठेल. कुठला लेप, कुठल्या कंपनीचा, ते कार्डावर लिहायचं. आणि कागदावर सही घेण्याआधी आईबापाला हे सांगायचं. अध्यक्ष म्हणाले, फुकट करतायत बिचारे, एवढं सगळं डॉक्टरांना सांगणार कोण. सून म्हणाली, मी. सोमवारी मी उभी राहणार. ब्लाऊजवाल्या थांबतील एक दिवस.

बाई पत्र लिहायला बसल्या आणि अडल्या. त्या रसायनाचं नाव नीट काय, पत्रात चुकायला नको. सुनेनं खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, बिस्फेनॉल ए. त्याखाली त्या राळेचं नाव, जे लांबत लांबत फळ्याच्या कडेला जाऊन खाली वळलं. दुसरीच्या पोरांना फळ्यावर काही उमटलं की मोठ्यानं वाचायची सवय. पाढे टाकून ती वाचू लागली, आधी एकदोघं, मग सगळा वर्ग, अक्षर अक्षर फोडून, सुरात. बाई त्यांना गप्प करायला उठल्या. सून म्हणाली, वाचू द्या.

पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं वळून तिला विचारलं, हे खायचं असतं का.

“नाही,” सून म्हणाली. “हे थुंकायचं असतं.”